ब्रिटनमधल्या आजच्या संगीतरचनाकाराची कारकीर्द कशी उभी राहते? (ज्युडिथ विअर यांच्या निमित्ताने)

संगीतशिक्षिका, अंबाजोगाई

नमस्कार. मी बऱ्याच वर्षांपासून अंबाजोगाईत हार्मोनियम आणि गायनाचे वर्ग घेते. प्रश्न माझ्या भाचीचा आहे, पण तो केवळ आमच्या घरापुरता नाही असे वाटल्यामुळे येथे मांडते आहे. ती लातूरला बारावीत शिकते, बासरी वाजवते आणि दीड-दोन वर्षांपासून पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांच्या वहीत स्वतःचे संगीत लिहिते. दिवाळीच्या सुट्टीत तिने ती वही माझ्यापुढे ठेवली. एका पानावर वर बासरीची ओळ होती, तिच्याखाली व्हायोलिनची, त्याखाली तबल्यासाठी तिने स्वतःच ठरवलेल्या खुणा, आणि समासात पेन्सिलीने लिहिले होते, "येथे सगळे थांबतात, फक्त श्वास ऐकू येतो." त्यातली बासरीची ओळ मी पेटीवर वाजवून पाहिली. सुरुवातीला ती यमन रागासारखी वाटली, पण मध्येच एका ठिकाणी यमनात नसणारा शुद्ध मध्यम असा येऊन बसला होता की त्याला यमनकल्याणही म्हणता येईना. मी तिला ती चूक आहे का असे विचारले, तर ती म्हणाली, "नाही मावशी, मला तो तिथेच हवा आहे."

तिला गायिका व्हायचे नाही आणि बासरीवादकही व्हायचे नाही, तिला संगीत लिहायचे आहे. माझे स्वतःचे शिक्षण ज्या पद्धतीने झाले, त्यात अठराव्या शतकातल्या सदारंगांपासून आजवर बंदिश बांधणारा माणूस आधी स्वतः गाता किंवा वाजवता असतो, आणि त्याच्या बंदिशी त्याच्या गळ्यातून किंवा हातातून शिष्यांकडे जातात. दुसरा मार्ग चित्रपटाच्या आणि नाटकाच्या संगीतदिग्दर्शनाचा. पण स्वतः मंचावर न बसता केवळ कागदावर संगीत लिहून देणारा, आणि त्यावरच आयुष्य काढणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत मी पाहिलेला नाही.

हे सगळे सुरू झाले ते ज्युडिथ विअर या ब्रिटिश रचनाकार बाईंच्या एका वाद्यवृंदरचनेमुळे. 'द वेलकम अरायव्हल ऑफ रेन' हे तिचे नाव, म्हणजे पावसाचे हवेहवेसे आगमन. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा भाची आठ वर्षांची होती आणि घागर घेऊन आईबरोबर रांगेत उभी राहत होती. त्या मुलीला हे नाव वाचूनच ती रचना ऐकावीशी वाटली, आणि ऐकल्यावर तिने एवढेच विचारले की लंडनकडच्या बाईंना आपला पाऊस कसा कळला.

माझे प्रश्न असे आहेत. अशा रचनाकाराला काम कोण सांगते आणि पैसे कोण देते? शिक्षण काय लागते? एखादे मोठे काम फसले तर पुढे काय होते? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खर्जवाला, बर्मिंगहॅम (मूळ नांदेड)

ताई, नमस्कार. मी नांदेडचा. नोकरीनिमित्त अनेक वर्षे इकडे इंग्लंडमध्ये आहे आणि इथल्या एका हौशी गायकवृंदात खर्जाच्या रांगेत उभा राहून गातो. संगीत हा माझा व्यवसाय नाही, पण रचनाकाराचे काम गाणाऱ्याच्या बाजूने जवळून पाहिलेले आहे, म्हणून लिहितो.

विअर यांचा जन्म १९५४ मध्ये केंब्रिजला झाला, मात्र घराणे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरचे. शाळेत असताना त्या ओबो हे सनईसारखे फुंकवाद्य वाजवत आणि देशभरातल्या निवडक मुलांच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदात होत्या. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण शंभर वाद्यांच्या मधोमध बसलेल्या मुलीला कोणते वाद्य कुठे दबते आणि कुठे उठते हे पुस्तकाविना कळते. त्याच वयात त्या जॉन टॅव्हनर यांच्याकडे रचना शिकल्या. टॅव्हनर तेव्हा स्वतःच तरुण होते. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये रॉबिन हॉलोवे यांच्याकडे शिक्षण झाले, आणि १९७५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या टँगलवूड येथे गुंथर शुलर यांच्याकडे. म्हणजे गुरू होते, पण एका गुरूच्या घरी राहून केलेली तालीम नव्हती. तीन-चार जणांकडून थोडे थोडे घेतलेले शिक्षण होते.

पदवीनंतर त्या थेट मोठ्या सभागृहात गेल्या असे मात्र झाले नाही, आणि भाचीला हे आवर्जून सांगा. १९७६ ते १९७९ ही तीन वर्षे त्यांनी दक्षिण इंग्लंडमध्ये एका प्रादेशिक कलासंस्थेच्या निवासी रचनाकार म्हणून काढली. निवासी रचनाकार म्हणजे संस्थेने ठरावीक काळासाठी मानधनावर नेमलेला रचनाकार. त्याने त्या परिसरातल्या शाळांमध्ये, प्रौढांच्या वर्गांमध्ये, हौशी मंडळींमध्ये जायचे, त्यांच्याकडून संगीत करून घ्यायचे आणि त्यांना झेपेल असे लिहूनही द्यायचे. त्यानंतर तीन वर्षे ग्लासगो विद्यापीठात अध्यापन, पुढे पुन्हा केंब्रिज, मग ग्लासगोच्या संगीत अकादमीत निवासी रचनाकार, आणि १९९५ ते १९९८ या काळात आमच्या बर्मिंगहॅमच्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर. त्याच सुमारास लंडनच्या स्पिटलफील्ड्स महोत्सवाच्या कलासंचालकपदाचे कामही त्यांनी केले. लेखन, शिकवणे आणि संस्थेचे काम या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात. नुसत्या लेखनावर घर चालवणारे इकडेही फार थोडे.

आता पैशाचे. आपल्याकडे कमिशन म्हटले की दलाली आठवते, पण इकडे रचनाकाराच्या तोंडी तो शब्द आला की त्याचा अर्थ 'सांगून करवून घेतलेली रचना' असा असतो. वाद्यवृंद, महोत्सव, चर्च, शाळा, बीबीसी किंवा एखादा न्यास रचनाकाराला पत्र देतो. त्यात किती मिनिटांची रचना हवी, कोणती वाद्ये किंवा आवाज उपलब्ध आहेत, प्रयोग कोणत्या तारखेला आहे आणि मानधन किती हे लिहिलेले असते. बहुधा काही रक्कम करार करताना आणि उरलेली रचना हाती आल्यावर मिळते. पुढे प्रकाशक स्वरलिपी छापतो. विअर यांच्या रचना चेस्टर म्युझिकने प्रकाशित केल्या आहेत. वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनांचे वादकांचे कागद सहसा विकत मिळत नाहीत, ते प्रयोगापुरते भाड्याने घ्यावे लागतात आणि त्या भाड्यात रचनाकाराचा वाटा असतो. त्याशिवाय रचना कुठेही जाहीरपणे वाजली किंवा प्रसारित झाली की त्याचा हक्कशुल्क गोळा करणारी संस्था आहे, ती १९१४ पासून हे काम करते. एकेका प्रयोगाचे पैसे थोडे असतात, पण चांगली रचना तीस वर्षे वाजत राहते.

याचे उदाहरण मी स्वतः हातात धरलेले आहे. किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, नाताळच्या पूर्वसंध्येला जो गीतांचा कार्यक्रम होतो, त्यासाठी १९८३ पासून दर वर्षी एक नवे गीत एखाद्या रचनाकाराला सांगून लिहून घेतात. १९८५ मध्ये ते काम विअर यांच्याकडे आले आणि त्यांनी जुन्या स्कॉट्स बोलीतल्या शब्दांवर 'इल्युमिनारे, जेरुसलेम' हे गीत लिहिले. आमच्या वृंदाने ते बसवले तेव्हा माझ्यापुढे जे कागद होते ते मोजकेच, गीत तीन मिनिटांच्या आत संपणारे. जवळजवळ सगळा वेळ फक्त आवाज आहेत; नळ्यांच्या मोठ्या ऑर्गनचा अगदी खालचा स्वर मोजक्या जागी येतो आणि तो आला की पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटते. आमच्या संचालिका म्हणाल्या की हा स्वर सतत वाजवला असता तर त्याची किंमतच राहिली नसती. हौशी लोकांना गाता येईल आणि तरी कुणाचे अनुकरण वाटणार नाही असे तीन मिनिटांचे गीत लिहिणे हेही त्या कारकिर्दीत मोठे काम आहे, कारण जगभरातल्या वृंदांपर्यंत रचनाकाराचे नाव याच वाटेने जाते.

मोठ्या कामांपैकी दोन सांगतो. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायिका जेसी नॉर्मन यांनी गायलेली 'वूमन.लाइफ.साँग' ही रचना, जिचे शब्द टोनी मॉरिसन, माया अँजेलू आणि क्लॅरिसा पिंकोला एस्टेस या तीन लेखिकांचे आहेत. आणि २००८ च्या जानेवारीत लंडनच्या बार्बिकन केंद्रात बीबीसीने तीन दिवस विअर यांच्या संगीताचा महोत्सव केला. २०१४ मध्ये विअर राणी एलिझाबेथ यांच्या दरबारी संगीतप्रमुख झाल्या. हे पद सतराव्या शतकापासून आहे, एडवर्ड एल्गार या नामवंत इंग्रज रचनाकारांनी ते भूषवले होते, आणि या पदावर आलेल्या विअर या पहिल्या स्त्री. पूर्वी ते तहहयात असे. त्यांच्या आधीच्या पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांच्यापासून ते दहा वर्षांचे झाले. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीसाठी बायबलातल्या बेचाळिसाव्या स्तोत्रावर त्यांनी लिहिलेले गीत वेस्टमिन्स्टर ॲबीत गायले गेले. २०२४ मध्ये मुदत संपली आणि रचनाकार एरोलिन वॉलन यांची नेमणूक झाली. वॉलन यांचा जन्म मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधला, म्हणजे इंग्लंडपासून लातूरसारख्याच दूरच्या जागचा म्हणता येईल.

नाथांच्या गावचा श्रोता, पैठण

ताई, वरच्या बंधूंनी व्यवहार फार चांगला सांगितला आहे. मी व्यवहाराचे सोडून दोन गोष्टी लिहितो, कारण "लंडनकडच्या बाईंना आपला पाऊस कसा कळला" हा आपल्या भाचीचा प्रश्न मनात घोळत राहिला.

त्या पावसाच्या रचनेमागे भागवत पुराणातले वर्षावर्णन आहे. २००१ मधली ही रचना, अमेरिकेतल्या मिनेसोटा वाद्यवृंदाने सांगून करवून घेतलेली. भागवत म्हटले की आम्हा पैठणकरांना एकदम एकनाथी भागवत आठवते, पण नाथांची टीका एकादश स्कंधावर आहे. पावसाचे वर्णन दशम स्कंधाच्या विसाव्या अध्यायात येते. त्यात म्हटले आहे की सूर्याने आपल्या किरणांनी पृथ्वीचे जलरूपी धन आठ महिने पिऊन घेतले आणि वेळ येताच ते परत सोडायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या माणसाला हे आठ महिने कुणी समजावून सांगायला नकोत. पुढे बेडकांचा श्लोक आहे. इतके दिवस गप्प पडून राहिलेले बेडूक मेघगर्जना ऐकताच बोलू लागले. कसे, तर नित्यकर्म होईपर्यंत मौन धरून बसलेले विद्यार्थी गुरूची हाक येताच पाठ म्हणू लागतात तसे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर गोदाकाठी रात्री जो एकच कल्लोळ उठतो, तो ज्याने ऐकला आहे त्याला ही उपमा किती अचूक आहे ते कळेल. आधी एक, मग दुसरा, मग चारही बाजूंनी, आणि तरी त्यात एक लय. वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याला याहून चांगला विषय कोणता मिळणार? बाईंना पाऊस कळला तो वाचनातून कळला, असे मी म्हणेन. त्यांनी वायू नायडू या भारतीय कथाकथनकार बाईंबरोबरही काम केले आहे, तेव्हा आपल्या कथा सांगण्याची पद्धत त्यांच्या कानावरून गेलेली आहे.

दुसरी गोष्ट मला याहून जवळची वाटते. १९७९ मध्ये, पंचविशीत, त्यांनी जेन मॅनिंग या गायिकेसाठी 'किंग हॅराल्ड्ज सागा' नावाचा ऑपेरा, म्हणजे गाण्यातून उलगडणारे नाटक, लिहिला. ऑपेरा म्हणावा तर तीन अंकी आहे, पण सगळा मिळून दहा-बारा मिनिटांत संपतो, साथीला एकही वाद्य नाही आणि मंचावर गायिका एकटी. नॉर्वेचा राजा हॅराल्ड १०६६ मध्ये इंग्लंडवर चालून गेला आणि स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत मारला गेला, ही कथा तेराव्या शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या लेखकाच्या इतिहासग्रंथातून घेतलेली आहे. राजा, त्याला स्वारीसाठी चिथावणारा सरदार, राजाच्या दोन राण्या, शेवटी बोलणारा शहाणा म्हातारा अशा आठ भूमिका ती एकटी गाते, आणि नॉर्वेचे अख्खे सैन्यही तीच होते.

हे वाचून आपल्याकडच्या कुणालाही नवल वाटू नये. नाथषष्ठीला इथे वाळवंटात कीर्तन ऐकताना मी लहानपणी एका बुवांना पाहिले होते. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान रंगले की ते उपरण्याचे टोक डाव्या खांद्यावर टाकत आणि द्रौपदी होत, तेच टोक कमरेला खोचत आणि दुःशासन होत, आणि सोडून दिले की पुन्हा बुवा. आवाज फार बदलत नसत. बदलत असे ती बोलण्याची चाल. सैन्य आले की दोन्ही हात पसरून झांजवाल्याकडे पाहत, आणि आम्हाला खरोखर सैन्य दिसे. विअर यांनी मुळात कथा सांगण्यासाठी संगीत लिहिले, हे त्यांच्या कामाकडे पाहताना सारखे जाणवते. आपल्या भाचीने शंभर वाद्यांची चिंता करू नये. एक आवाज आणि एक चांगली कथा एवढ्यावर या बाईंचे नाव झाले.

नाट्यशिक्षक, छत्रपती संभाजीनगर

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

विअर यांचा पहिला मोठा ऑपेरा 'अ नाइट ॲट द चायनीज ऑपेरा' १९८७ मध्ये चेल्टनहॅम येथे केंट ऑपेरा या फिरत्या मंडळीने सादर केला. त्याच्या मधल्या अंकात युआन राजवटीच्या काळातले एक चिनी नाटक नाटकातले नाटक म्हणून येते. रचना गाजली, पण ती करणारी मंडळी दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, सरकारी अनुदान थांबल्यामुळे बंद पडली. ज्या संस्थेसाठी आपण लिहितो ती संस्था उद्या असेलच असे तिकडेही नसते. विअर मात्र थांबल्या नाहीत. १९९० मध्ये ग्लासगोत स्कॉटिश ऑपेरासाठी आणि १९९४ मध्ये लंडनला इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी त्यांनी पुढचे ऑपेरे दिले.

मग २०११ मध्ये ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझ महोत्सवात 'मिस फॉर्च्यून' आला. मूळ कथा सिसिलीच्या लोककथेतली, नशिबाने पिच्छा पुरवलेल्या मुलीची. ती आजच्या काळात आणलेली. पुढच्या वर्षी तो लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये झाला आणि समीक्षकांनी त्याच्यावर कडक टीका केली. देशातल्या सर्वांत मोठ्या रंगमंचावर, साठीच्या उंबरठ्यावर, असे झाले. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांना ते दरबारी पद देण्यात आले. याचा अर्थ मी असा लावतो की त्या व्यवसायात माणसाचे मोल एका प्रयोगावरून ठरत नाही. तीन-साडेतीन दशके शाळांत, चर्चमध्ये, हौशी वृंदांबरोबर केलेले काम लोकांच्या स्मरणात असते. त्या पदावर असतानाही त्यांनी शाळांमधल्या संगीतशिक्षणाकडे मुद्दाम लक्ष दिले.

माझे एक मत, पटले तर घ्यावे. भाचीच्या वहीतल्या रचना लवकरात लवकर कुणाकडून तरी वाजवून घ्या. आमच्याकडे मुले वर्ष-वर्ष संहिता लिहीत बसतात, आणि पहिल्या वाचनाला कळते की वाक्य एका श्वासात बोलताच येत नाही. संगीताचेही तसेच असणार.

संगीतशिक्षिका, अंबाजोगाई

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या रविवारी भाचीला ही चर्चा वाचून दाखवली. बेडकांच्या श्लोकाशी ती थांबली आणि तो तिने वहीत उतरवून घेतला.

श्रोतेकाकांचे ऐकून तिने ठरवले आहे की आता एकाच आवाजासाठी लिहायचे, आणि आवाज तिच्या आजीचा. आजी जात्यावरच्या ओव्या गातात. गळा पाच-सहा स्वरांपलीकडे जात नाही, पण त्या स्वरांत इतके बारीक हेलकावे आहेत की ते मला पेटीवर काढता येत नाहीत. आमची अडचण नेमकी तीच आहे. पाच रेघांवर भाची जो गंधार लिहिते तो आजींच्या गंधारापेक्षा चढा येतो, आणि खुणा वाढवल्या तर पान वाचवेनासे होते. खर्जवाले भाऊ, आपल्या वृंदात अशा वेळी काय करतात?

खर्जवाला, बर्मिंगहॅम (मूळ नांदेड)

ताई, आमच्याकडे रचनाकार स्वतः तालमीला येऊन बसतो आणि त्याच्या हातात पेन्सिल असते. कागदावर साधा गंधार लिहावा, वर एकच खूण करावी, आणि पहिल्या पानावर त्या खुणेचा अर्थ एका ओळीत मराठीत लिहावा, जसा तिने श्वासाबद्दल समासात लिहिलाच आहे. मग आजींकडून तीच ओवी चार वेळा म्हणवून घ्यावी आणि चारही वेळा जे सारखे आले तेवढेच लिहावे. जे दर वेळी बदलते ते आजींवर सोडावे. ध्वनिमुद्रण केलेत तर मला जरूर पाठवा. मी ते आमच्या संचालिकाबाईंना ऐकवीन.